यादी आधी, पाटी नंतर

प्रश्न : आमची १९८६ ची दहावीची बॅच. तालुक्याच्या गावातलं हायस्कूल, तीन तुकड्या, मिळून दीडशेच्या आसपास मुलं-मुली. चाळीस वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर शाळेतच स्नेहमेळावा घ्यायचा ठरलाय, हाताशी चार महिने आहेत. गेलेल्या सोबत्यांसाठी या वेळी काहीतरी नीट करावं असं सगळ्यांनाच वाटतं. दहा वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात एका हयात मित्राचं नाव श्रद्धांजलीत वाचलं गेलं, आणि खरोखर गेलेल्या एका मैत्रिणीचं राहूनच गेलं. आत्तापर्यंत सतरा नावं कळली आहेत. कोणी म्हणतं ग्रॅनाइटची पाटी लावू, कोणाला फोटोंचा फ्लेक्स हवाय, कोणाला प्रत्येकाच्या नावाने झाड, कोणाला बक्षीस. वर्गणी दोन लाखांपर्यंत जमेल. सुरुवात कुठून करू? – एक माजी विद्यार्थिनी

उत्तर :

ताई, नमस्कार. दोन लाखांचं काय करायचं, हा विषय पहिले दोन महिने ग्रुपवर काढूच देऊ नका. पाटी की झाड या वादात बॅचचा सगळा उत्साह खर्ची पडतो आणि यादी मात्र व्हॉट्सॲपवर जमली तशीच राहते. गेल्या खेपेला तुमच्याकडे जे झालं ते यादी कच्ची होती म्हणूनच झालं. आधी त्या हयात मित्राला फोन करा, झाल्या गोष्टीबद्दल बॅचच्या वतीने साध्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करा आणि जमलं तर त्यांना यादीच्या कामातच घ्या. एक-एक नाव तपासायला त्यांच्याइतका काटेकोर माणूस मिळायचा नाही.

यादीसाठी दहावीच्या निकालाचा कागद धरू नका. त्यात खालच्या इयत्तेत नापास होऊन मागे राहिलेले, नववीतून शाळा सोडलेले, आठवीनंतर लग्न करून दिलेल्या मुली यांतलं कोणीच सापडत नाही, आणि विस्मरणात आधी जातात ती हीच मंडळी. आसपासच्या गावांतली मुलं जिल्हा परिषदेची सातवी करून आठवीत हायस्कूलला येतात, म्हणून सगळ्यांत मोठी यादी आठवीची असते. तुमच्या बॅचची आठवी म्हणजे जून १९८३. त्या वर्षीचे तिन्ही तुकड्यांचे हजेरीपट उरले असतील तर उत्तम. नसतील तर जनरल रजिस्टर आहेच. ते शाळा कायम जपून ठेवते, शाळा सोडल्याचा दाखला त्यातूनच निघतो. त्यात प्रत्येक मुलाचा रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण एका ओळीत असतं. नववीत मागे राहिलेला मुलगा १९८७ च्या बॅचलाही आपला वाटतो. त्याचं नाव दोन्हीकडे येऊ द्या, बिघडत काही नाही.

मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा आणि फक्त नाव, रजिस्टर नंबर, तुकडी व गाव एवढंच उतरवून घेण्याची परवानगी मागा. रजिस्टरच्या पानाचे मोबाइलवर फोटो काढू नका. त्याच ओळीत जात लिहिलेली असते आणि असं पान ग्रुपवर फिरलं की शाळेलाही त्रास, तुम्हालाही. दोघांनी बसून एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. दीडशे नावांना एक दुपार पुरते.

रजिस्टर नंबर लिहायचा कंटाळा करू नका. एका बॅचमध्ये तीन संजय असतात आणि त्यातले दोघे पाटील निघतात. "आपला संजय पाटील गेला" हा निरोप चार जणांच्या तोंडून फिरून येतो तेव्हा कोणता संजय हे सांगणाराच उरलेला नसतो. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली जाते ती बहुतेक वेळा अशीच.

वहीत प्रत्येक नावापुढे तीनच शेरे ठेवा : हयात, दिवंगत, संपर्क नाही. गेल्या वर्षभरात बॅचमधलं कोणीतरी स्वतः बोललं असेल तरच "हयात". घरातल्या माणसाने सांगितलं, किंवा वर्तमानपत्रातली निधनवार्ता वा मृत्यूची नोंद प्रत्यक्ष पाहिली, तरच "दिवंगत". बाकी सगळे "संपर्क नाही", मग ग्रुपवर दहा जणांनी हात जोडलेले का असेनात. एकाच फॉरवर्डवरून कळलेल्या दहा जणांची साक्ष एकच धरायची. कोणी सांगितलं, कधी सांगितलं आणि सांगणाऱ्याचं नातं काय, हे शेजारच्या रकान्यात आलंच पाहिजे. तुमच्याकडची सतरा नावंही याच चाळणीतून पुन्हा काढा. दोन-तीन नावं "संपर्क नाही"मध्ये जातील, तर दुसऱ्या बाजूने नवी येतील.

घरच्यांपैकी कोणीच सापडत नसेल तर मृत्यूच्या नोंदीचा मार्ग आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा कोणालाही फी भरून नोंद शोधण्याची आणि उतारा मागण्याची मुभा देतो. पण नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. माणूस पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात गेला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत काही मिळणार नाही, आणि "नोंद नाही म्हणजे हयात" असा उलटा अर्थ लोक काढून बसतात. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे : मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण दाखवायचं नाही. तुमच्या वहीतही कारणाचा रकाना नको. आत्महत्या, दारू, एखादा आजार, घरातलं भांडण यातलं काहीही असू शकतं, आणि ते कळून तुमच्या कामात काडीचा फरक पडत नाही.

आता मुलींचं. गेल्या वेळी तुमची मैत्रीण राहून गेली, त्याचं कारण बहुधा हेच असणार. लग्नानंतर आडनाव आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, त्या पिढीत पुष्कळ घरांत पहिलं नावसुद्धा बदलायचे. निधनवार्तेत सासरचं नाव छापून येतं आणि शाळेतल्या मैत्रिणी तीच बातमी वाचून पान उलटतात. अशा मुलीला शोधायचं तर तिच्या भावाला शोधा. तो बहुतेक त्याच शाळेत दोन-चार वर्षं मागेपुढे असतो, गावात किंवा शेतीवर असतो, आणि बहीण कुठे दिली, आता तिचं नाव काय, मुलं कुठे असतात हे सगळं त्याला माहीत असतं. भाऊ नसेल तर बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण गाठा. हे काम बॅचमधल्या बायकांकडेच द्या. अनोळखी पुरुषाने सासरी फोन करून "तुमच्या पत्नी हयात आहेत का" विचारणं किती अवघड होतं ते सांगायला नको. नोंद करताना शाळेतलं नाव आधी आणि ठळक, सासरचं त्याखाली.

दिवंगतांच्या घरी फोन एकाच माणसाने करायचा. पाच जणांनी पाच वेळा करायचा नाही. नाव कसं लिहावं, तारीख कोणती, फोटो देता का, आणि मेळाव्यात नाव घेतलेलं चालेल का, एवढंच विचारा. देणगीचा विषय त्या फोनवर निघताच कामा नये. त्यांनी आपणहून काढला तर "नंतर बोलू" म्हणा. कोणी नको म्हटलं तर नाव जाहीर वाचायचं नाही, फोटो लावायचा नाही. शाळेतल्या वहीत मात्र नोंद राहू द्या, ती बॅचची आहे.

फोटोंच्या बाबतीत माझं मत शाळेतल्या फोटोच्या बाजूने आहे. मोठेपणीचा फोटो घरच्या भिंतीवर असतोच, दहावीतला चेहरा घरच्यांकडेही बहुधा नसतो. तो असतो दहावीच्या ग्रुप फोटोत. पण तिथे पन्नास-साठ मुलांत एकेक चेहरा जेमतेम सेंटिमीटरभराचा. मोबाइलने काचेवरून काढलेला फोटो मोठा केला की नुसते डाग दिसतात. फोटो फ्रेममधून काढा आणि फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून घ्या. एक सेंटिमीटरचा चेहरा मग सुमारे ४७० पिक्सेलचा होतो आणि ३०० डीपीआयला चार सेंटिमीटरपर्यंत नीट छापता येतो, त्याहून मोठा करू नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. अशा वेळी काचेसकट स्कॅन करा. आणि हल्ली मोबाइलच्या ॲपमध्ये जुना चेहरा "स्पष्ट" करून मिळतो, त्याच्या नादी लागू नका. ते ॲप नसलेले डोळे-नाक आपल्या मनाने भरतं. दिसायला सुरेख, पण चेहरा भलत्याचाच, आणि आईला ते पहिल्या नजरेत कळतं. मूळ फोटोला लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही.

फ्लेक्स करायचाच तर त्या दिवसापुरता करा, आणि संध्याकाळी कोणी उतरवायचा हे आधी ठरवा. चौकातल्या "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या फ्लेक्सचं पुढे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. दोन पावसाळ्यांनी त्याची ताडपत्री होते. आपल्या वर्गमित्रांचे चेहरे कोणाच्या तरी गोठ्यावर नकोत.

ग्रॅनाइटच्या पाटीचा हिशेब एकदा करून बघा. तीन फूट रुंद, दोन फूट उंच दगड घेतला, वरचे पाच इंच शीर्षकाला आणि खालचे दोन इंच मोकळे सोडले, तर सतरा इंच उरतात. व्हरांड्यातून चालताना वाचता यायला अक्षर किमान १५ मिलिमीटरचं हवं, आणि देवनागरीला वर वेलांटी-रफार, खाली उकार यांना जागा लागते म्हणून दोन ओळींत २८ ते ३० मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणजे चौदा ओळी, दोन रकाने, अठ्ठावीस जागा. मुलींची दोन नावं एका ओळीत मावत नाहीत, त्यांना दोन ओळी धरा. तुमच्या सतरांत सहा-सात मुली असतील तर चोवीस जागा आजच भरल्या. तुम्ही सगळे पंचावन्न-छप्पनचे, उरलेल्या चार ओळी किती वर्षं पुरतील? अशा पाटीवर नंतर कडेला बारीक अक्षरांत नावं घुसवलेली दिसतात, ती वेगळ्या हाताची आणि वेगळ्या रंगाची असतात.

म्हणून या मेळाव्याला पाटी बसवूच नका. तपासलेली यादी मोठ्या अक्षरांत कागदावर छापून प्रवेशाजवळ लावा, शेजारी "यांचा पत्ता कोणाला माहीत आहे का?" अशा मथळ्याखाली संपर्क नसलेल्यांची यादी, आणि दोरीला बांधलेलं पेन. दिवसभरात चार चुका निघतील, दोन पत्ते मिळतील. मग पुढच्या १५ ऑगस्टला, झेंडावंदनाला सगळे जमतात तेव्हा, पाटी लावायची तर लावा. त्यातही दगडावर फक्त शाळेचं नाव, बॅच आणि "दिवंगत सोबत्यांच्या स्मरणार्थ" एवढंच कोरून नावं वहीत ठेवणं मला जास्त पटतं. वही वाढत जाते, दगड वाढत नाही. ती वही चांगल्या जाड लेजर कागदाची, शिवलेली घ्या आणि साध्या बॉलपेनने लिहा. जेल पेनची शाई ओल लागली की पसरू शकते. एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात, दुसरी गावच्या सार्वजनिक वाचनालयात. शाळेत वाळवी लागली तर वाचनालयातली उरेल.

नावं दगडावरच हवीत असा बॅचचा आग्रह पडला तर मजकूर कारागिराला फॉन्टमध्ये पाठवू नका, अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की करून पाठवा. नाहीतर त्याच्या संगणकावर "ज्ञानेश्वर"मधली जोडाक्षरं सुटी होतात आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. कोरण्याआधी पूर्ण आकाराची कागदी प्रत काढून भिंतीवर चिकटवा आणि तिघांकडून वाचून घ्या, पैकी एकाने रजिस्टरवरून एकेक अक्षर जुळवायचं. वाळूच्या फवाऱ्याने कोरताना स्टेन्सिलमधले अनुस्वाराचे ठिपके उडतात, तेवढे दगड ताब्यात घेताना बोट फिरवून बघा. पाटी पश्चिमेच्या पावसाच्या माऱ्यात नको, आणि नुसत्या सिमेंटवर चिकटवलेली नको. मागून आधार देऊन स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी बसवा. परवानगी मुख्याध्यापकांची तोंडी चालत नाही, इमारत संस्थेची असते. संस्थेच्या बैठकीत ठराव करून घ्या आणि त्याची प्रत वहीच्या पहिल्या पानावर डकवा. मुख्याध्यापक बदलतात, रंगारी येतात, आणि ठराव नसलेली पाटी आधी उतरते.

बक्षिसाची कल्पना या सगळ्यांत टिकाऊ, पण आकडा नीट धरला तरच. चाळीस वर्षांपूर्वी पाच हजारांची ठेव ठेवून सुरू केलेल्या बक्षिसाला आज साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे रुपये व्याज येतं, त्यात धड गाईडचा संचही येत नाही. तुमच्या दोन लाखांतले दीड लाख ठेवीत टाकले तर साडेसहा टक्के धरून वर्षाला ९,७५० रुपये होतात. त्यातले सात हजार द्या, पावणेतीन हजार पुन्हा ठेवीत घाला, म्हणजे रक्कम महागाईच्या मागे निदान धावत तरी राहील. सतरा नावांची सतरा बक्षिसं करू नका. सगळ्यांच्या नावे एकच ठेवा.

ते दहावीत पहिल्या येणाऱ्याला नको. त्याला त्या दिवशी आधीच दहा पाकिटं मिळालेली असतात. अट अरुंद ठेवा, म्हणजे बक्षिसाला स्वतःची ओळख मिळते. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेठ यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. १९१२ मध्ये, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांना ती मिळाली, आणि त्यांच्या चरित्रात ती आजही आवर्जून सांगितली जाते. तुमच्याकडे "बाहेरगावाहून येऊन दहावी उत्तीर्ण झालेली आणि अकरावीला प्रवेश घेतलेली मुलगी" अशी अट चालेल. आणि पैसे डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात नव्हे, जूनमध्ये द्या. प्रवेश, वह्या हा खर्च तेव्हाच असतो. ठेवीचं व्याज मे महिन्यात हातात येईल अशी तारीख बँकेत लावून घ्या.

ठेव बॅचमधल्या तिघांच्या नावावर कधीही नको. एक वारला, एक परदेशी गेला, तिसरा विसरला, की ठेव पडून राहते, आणि दहा वर्षं कोणी दावा केला नाही तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करते. मागता येते, पण मागणार कोण? ठेव संस्थेच्या नावे, ठरावात बॅचचा उल्लेख, व्याजाचा हिशेब दरवर्षी दोन माजी विद्यार्थ्यांना पाठवण्याची अट. वर्गणीही कोणाच्या बचत खात्यात गोळा न करता थेट संस्थेकडे जाऊ द्या, पावती मिळेल. संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (८०-जी) मान्यता असेल तर जुन्या कररचनेत वजावट मिळते, मात्र दोन हजारांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. परदेशातल्या वर्गमित्रांचं एक बघा. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे परकीय देणगी ठरतात, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. परकीय देणगी कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्यांना ही अडचण नाही, त्यांनी स्वतःच्या बँक खात्यातून पाठवावेत.

मेळाव्यातला कार्यक्रम दहा मिनिटांचा करा, त्याहून लांबवू नका. तो साडेनऊला नको, तेव्हा अर्धी माणसं चहाच्या रांगेत असतात. अकराच्या सुमारास, शिक्षकांच्या सत्काराआधी ठेवा आणि लगेच पंधरा मिनिटं चहाची सुट्टी द्या. नाहीतर स्तब्धता संपते न संपते तोच निवेदक "आता वळू या पुढील कार्यक्रमाकडे" म्हणतो आणि गाणं सुरू होतं. नावं तुकडीप्रमाणे, हजेरीपटाच्या क्रमाने, गावासह वाचा. एका नावाला सहा सेकंद दिले तरी सतरा नावं दोन मिनिटांत होतात. वाचणारा एकच असावा आणि त्याने आदल्या दिवशी घरच्यांकडून उच्चार तपासून घ्यावेत. प्रत्येक नावाला सगळ्यांनी "हजर" म्हणायची एक टूम निघाली आहे. घरचे लोक समोर बसलेले असताना ती करू नका. कै., स्व., मरहूम, कालकथित यांत प्रत्येक घराची रीत वेगळी, म्हणून सुरुवातीला एकदा "आपले दिवंगत सोबती" म्हणा आणि पुढे नुसती नावं घ्या. फोटोला हार घालणंही सगळ्यांच्या घरी चालत नाही. एक समई आणि टेबलावर सुटी फुलं ठेवली की ज्याला जे करायचं ते तो करतो. दिवंगत शिक्षकांची यादी वेगळी वाचा. शिक्षकांची नावं जनरल रजिस्टरमध्ये मिळणार नाहीत, त्यासाठी कार्यालयातली सेवानोंद मागावी लागेल.

घरच्यांना बोलावलंत तर त्यांना स्टेजवर ओढून शाल-श्रीफळ देऊ नका. दुसऱ्या रांगेत बसवा, प्रत्येक घरामागे एक ओळखीचा माणूस द्या. दारात येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू-गजरा द्यायचा बेत असेल तर तो सगळ्यांना द्या किंवा कोणालाच देऊ नका. मित्राची पत्नी तिथेच बाजूला उभी राहिली तर पुढच्या श्रद्धांजलीला अर्थ राहत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींसाठीही परिपत्रक काढलं. एका बॅचला एवढं ठरवायला ठरावही लागत नाही.

राहिली झाडं. प्रत्येकाच्या नावाचं झाड हा बेत सोडून द्या. दिवाळीनंतर लावलेलं रोप पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतं, आणि नावाची पाटी लटकवलेलं वाळकं रोप घरच्यांनी पाहणं फार वाईट. सगळ्यांसाठी मिळून एखादी बकुळ किंवा ताम्हण लावा, पण जूनमध्ये. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यातच काढून तापू द्या, शेणखत-मातीने भरा, जाळी बसवा आणि तीन उन्हाळे पाणी घालण्याचे पैसे शाळेच्या शिपायाला ठरवून द्या. इमारतीपासून पंधरा फूट तरी लांब. वड-पिंपळ नकोच, त्यांची मुळं जोत्यात शिरतात.